वाचक विचारतात : वजनकाटा, अनमोडचा उतार आणि रात्रीची बस

ट्रक, बस आणि टँकरच्या सुरक्षा नियमांवर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. टिपरमालकांपासून बालरथमधून, म्हणजे शाळेच्या बसमधून, मुलांना पाठवणाऱ्या पालकांपर्यंत अनेकांनी लिहिले. एकाच विषयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. दंडाच्या रकमा मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या असून त्यात २०१९ ची दुरुस्ती धरली आहे.

माझा दहाचाकी टिपर आहे. आरसीवर एकूण वजन २८,५०० किलो आहे. उन्हाळ्यात चार ब्रास रेती बिनधास्त नेतो. पावसाळ्यात तेवढीच भरली तरी काटा जास्त दाखवतो. दंड कसा मोजतात, आणि तो ड्रायव्हरचा की माझा?
— ट्रकमालक, डिचोली

घोळ ब्रासमध्ये आहे. ब्रास हे घनफळाचे माप आहे आणि दंड वजनावर लागतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. कोरडी रेती घनमीटरला साधारण १.६ टन भरते, त्या हिशेबाने ब्रासला साडेचार टन. तीच रेती भिजली की घनमीटरला १.९ टनांपर्यंत जाते आणि ब्रास ५.४ टनांचा होतो. चार ब्रासमागे जवळजवळ साडेतीन टनांचा फरक पडतो. तुमची रिकामी गाडी १०,३०० किलोची धरली, तर कोरड्या रेतीला तुम्ही जेमतेम मर्यादेत असता आणि ओल्या रेतीला तीन टनांहून जास्त बाहेर जाता. खनिजाचे त्याहून वाईट. हौदा अर्ध्याच्या आसपास भरला की पासिंग, म्हणजे आरसीवरची वजनाची मर्यादा, संपते. पण हौदा रिकामा दिसतो म्हणून लोडरवाला आणखी एक बकेट ओततो.

म्हणून ब्रास विसरा आणि किलोत हिशेब ठेवा. गाडी एकदा रिकामी काट्यावर घाला, पण खरीखुरी रिकामी नव्हे : डिझेलची टाकी भरलेली, ड्रायव्हर, क्लीनर, ताडपत्री, जॅक, स्टेपनी सगळे वर. ३०० लिटर डिझेलच अडीचशे किलोचे असते. हा आकडा आरसीवरच्या एकूण वजनातून वजा केला की उरते तेवढाच माल. तो केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.

कलम १९४ नुसार दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. तीन टन जास्त भरले तर २६,०००. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, आणि उतरवण्याचा खर्चही तुमचाच. काट्यावर जायला नकार दिला, किंवा काट्याआधी माल सांडून टाकला, तर ४०,०००. कायद्याची भाषा ‘चालवणारा, चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा’ अशी आहे. म्हणजे मालक सुटत नाही. भरण्याच्या जागेवरची काट्याची पावती प्रत्येक खेपेला ड्रायव्हरच्या हाती असावी. दंड पगारातून कापण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

एकूण वजन बरोबर असूनही ॲक्सल चुकू शकतो. २०१८ च्या अधिसूचनेनुसार चार टायरांच्या एका ॲक्सलला ११.५ टन आणि टँडेमला, म्हणजे जवळजवळ बसवलेल्या जोड ॲक्सलला, २१ टन ही मर्यादा आहे. माल फाळक्याकडे ढकलून भरला की मागचे ॲक्सल मर्यादेबाहेर जातात, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या वळणावर स्टीअरिंग ऐकत नाही. मर्यादा वाढली हे ऐकून जुन्या गाडीत जास्त भरणारेही भेटतात. तुमच्या आरसीवर जो आकडा आहे तोच तुमचा.

बेळगावहून सिमेंट घेऊन अनमोड घाट उतरताना मोले येईपर्यंत ब्रेक लागेनासा होतो. खाली आल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. गॅरेजवाला म्हणतो, दोष काहीच नाही.
— चालक, फोंडा

गॅरेजवाला थंड ड्रम तपासतो, म्हणून त्याला काही दिसत नाही. दोष गरम झाल्यावर दिसतो.

२८ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २.७ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेत नव्वद लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येते. इंजिनाने ती अडवली नाही तर सगळी सहा चाकांच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. लायनर तापला की त्याची पकड घटते. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पेडल पोकळ लागते, त्यामुळे पायाला कळते. एअर ब्रेकमध्ये पेडल नेहमीसारखेच लागते. हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या चेंबरच्या दांड्याची चाल मात्र संपत आलेली असते. तुम्हाला धोका उशिरा समजतो तो यामुळेच.

दांड्याची चाल स्वतः मोजता येते. सपाट जागी गाडी लावा, चाकांना लाकडी ठोकळे द्या, हवा ७ बारच्या आसपास भरा, हँडब्रेक सोडा. दांडा चेंबरमधून जिथे बाहेर येतो तिथे खडूची खूण करा. दुसऱ्याला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजा. ३० नंबरच्या चेंबरची पूर्ण चाल सुमारे ६४ मिलिमीटर असते. थंड ड्रमवरच ती ५० च्या पुढे गेली असेल, तर तापलेल्या ड्रमवर उरलेले काही मिलिमीटर पुरणार नाहीत. स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ही चाल जुळवणारा भाग, आवळायला हवा. डाव्या-उजव्या चाकांची चाल सारखी हवी. नसेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि घाटात ती बाजू दरीची असू शकते. आपोआप जुळणारा ॲडजस्टर असूनही चाल वाढत असेल, तर तो हाताने आवळून गप्प बसू नका. तो बिघडला आहे, किंवा एस-कॅमचे बुश झिजले आहेत.

आता उतरण्याची रीत. अनमोडला वर, उतार लागण्याआधीच थांबा. हवेचा काटा पूर्ण भरलेला हवा. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा. काटा सरकताना दिसला तर कुठेतरी गळती आहे. एक्झॉस्ट ब्रेक चालतो का बघा. मग ज्या गिअरमध्ये हा घाट भरल्या गाडीने चढता, त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये वरूनच निघा. मध्येच गिअर पाडायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते. आरपीएमचा काटा लाल पट्टीच्या खाली ठेवा. ब्रेक सतत घासत ठेवू नका : वेग वाढला की जोरात दाबून ताशी आठ-दहा किलोमीटर कमी करा, मग पूर्ण सोडा, ड्रमला श्वास घेऊ द्या.

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणाऱ्यांचा हिशेब मुळातच खोटा आहे. आताच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर आणखी भयंकर. कॉम्प्रेसर थांबतो, हवा भरत नाही, पॉवर स्टीअरिंग जाते.

लायनर जळल्याचा वास आला की पुढच्या रुंद जागेत थांबा. गिअरमध्ये टाकून ठोकळे लावा आणि निदान अर्धा तास जाऊ द्या. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेमुळे एअर टाकीत पाणी फार साठते; रोज संध्याकाळी गाडी लावल्यावर टाकीचा ड्रेन उघडा. पाण्याबरोबर तेलकट काळे येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा आणि ड्रायरचे कार्ट्रिज बघायला सांगा.

म्हापशाहून पुण्याला आणि बेंगळुरूला रात्रीच्या स्लीपर बस सुटतात. एकच ड्रायव्हर संपूर्ण रात्र चालवतो, मागे डिकीत पार्सले आणि मोटरसायकलही असतात. हे नियमात बसते का?
— प्रवासी, पर्वरी

एकाच ड्रायव्हरने संपूर्ण रात्र चालवणे बसत नाही. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्याने आखलेली चौकट दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची. लांब पल्ल्याला दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत. सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत सामावला आहे. ८ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा तिथेही आहे. मालक मोजताना फक्त चाक फिरलेले तास धरतात. डिकी भरणे, प्रवासी चढवणे, गाडी धुणे, डिझेलच्या रांगेत थांबणे हेही कामच. संध्याकाळी सहाला डिकी भरायला लागलेला ड्रायव्हर पहाटे चारला दहाव्या तासात असतो. नेमक्या दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागते. चहाने ती थोडी लांबते, जात नाही.

दोन ड्रायव्हर असले तरी दुसऱ्याची झोप खरी हवी. इंजिनाजवळच्या फळीवर, हॉर्नच्या आवाजात काढलेले तीन तास झोपेत धरू नयेत.

डिकीतल्या मोटरसायकलीची टाकी पूर्ण रिकामी केलेली क्वचितच असते. गळलेल्या पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली साठते, आणि तिथूनच वायरिंगचे हार्नेस जातात. जादा चार्जिंग पॉइंट, इन्व्हर्टर, रंगीत दिवे फ्यूजशिवाय मूळ वायरवर जोडलेले असले की ठिणगीचीही सोय होते. २४ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे आंध्रात कुर्नूलजवळ स्लीपर बस दुचाकीला धडकल्यावर पेटली आणि झोपलेल्या अनेकांना बाहेर पडायला वेळच मिळाला नाही.

बसमध्ये चढल्यावर दोन मिनिटे खर्च करा. आपत्कालीन दार कुठे आहे, त्यापुढे बर्थ किंवा पार्सल आहे का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्टीत आहे का. हातोडी काचेच्या मध्यावर नाही, कोपऱ्यात मारायची; कडक काच तिथे लवकर फुटते. दार अडवलेले दिसले तर बस सुटण्याआधीच बोला, आणि फोटोसह वाहतूक खात्याकडे तक्रार करा.

रात्री अकरापर्यंत तीन-चार पेग झाले, पहाटे पाचला फेरी. झोप काढली तर चालते ना?
— नाव न छापण्याची विनंती, मडगाव

झोपेने दारू उतरत नाही, वेळेने उतरते. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅम कमी करते. रात्री साडेअकराला पातळी १२० असेल तर ३० वर यायला पहाटेचे साडेपाच वाजतात, म्हणजे पाचला तुम्ही मर्यादेबाहेरच. काॅफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांचा या आकड्यावर काहीही परिणाम होत नाही. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत. पहाटेची फेरी असेल त्या रात्री घेऊ नये.

व्यावसायिक लायसन्स संपल्यावर ३० दिवस चालते असे सगळे सांगतात. आणि साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या, लायसन्सवर छोटा टेम्पो चालवता येतो का?
— टेम्पोचालक, काणकोण

३० दिवसांची सवलत २०१९ मध्ये गेली. तारीख संपली की त्याच दिवसापासून लायसन्स नाही. नूतनीकरण मात्र वर्षभर आधीपासून करता येते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. १-ए नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदतीनंतर वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी. वाहतुकीच्या लायसन्सची मुदत ५ वर्षे, धोकादायक मालाची ३ वर्षे.

टेम्पोचे उत्तर हो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आहे : एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला एलएमव्ही लायसन्स पुरते. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल, हे आरसीवर बघून घ्या. धोकादायक मालाला ही सूट नाही.

आमच्या घरासमोरून रासायनिक टँकर जातात. त्यांच्यावरचे आकडे आणि चौकोन कसे वाचायचे? उलटला तर काय करावे?
— गृहिणी, चिखली

चिखलीत जानेवारी २०१८ मध्ये अमोनियाचा टँकर उलटून घरे रिकामी करावी लागली होती, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक फलक असतो. त्यावर रसायनाचे नाव, चार आकडी यूएन क्रमांक, धोक्याचा वर्ग दाखवणारा तिरका चौकोन आणि आणीबाणीचे फोन. १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल. ११२ वर फोन करताना ठिकाणाबरोबर हे चार आकडे सांगा. अग्निशामक दलाला त्यावरूनच पाणी, फोम की नुसते अंतर हे ठरवता येते. आकडे वाचायला जवळ जाऊ नका, मोबाईलचा कॅमेरा झूम करा.

वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूला किंवा वाऱ्याला आडव्या दिशेला चाला. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी गळताना थंड पांढरे धुके जमिनीलगत पसरते, म्हणून सखल जागा टाळा. ओला फडका नाकातोंडावर धरला तर थोडा वेळ मिळतो, कारण अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. निघता येत नसेल तर दारेखिडक्या बंद, पंखे आणि एसी बंद. एलपीजी किंवा पेट्रोल असेल तर दिव्याचे बटण दाबू नका, स्कूटर सुरू करू नका.

वाहतूकदारांसाठी दोन ओळी. ट्रेम कार्ड, म्हणजे त्या रसायनाच्या आणीबाणीच्या सूचनांचे कार्ड, केबिनमध्ये, ड्रायव्हरला हात पोचेल तिथे आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत हवे. ऑफिसच्या फायलीतले कार्ड निरुपयोगी. ड्रायव्हरचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झालेले हवे. मागची खेप वेगळ्या रसायनाची असेल तर फलक बदलायला विसरू नका, चुकीचा फलक कोऱ्या फलकापेक्षा घातक.

एनएच ६६ वर रात्री बंद पडलेल्या ट्रकच्या मागे झाडाच्या फांद्या टाकतात. एवढे पुरते का?
— दुचाकीस्वार, पेडणे

नाही. फांदी उजेड परतवत नाही, आणि गाडी निघून गेल्यावर तिथेच राहते. दगडांचेही तेच, तो मागच्या दुचाकीवाल्याचा वेगळा अपघात.

ताशी ८० वर गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. त्रिकोण ५० मीटरवर ठेवला तर मागच्याला दोन सेकंदांहून थोडाच जास्त वेळ मिळतो, ओल्या रस्त्यावर भरल्या ट्रकला तो अपुरा. १०० मीटर मागे, म्हणजे साधारण १३० पावले, आणि वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. ठेवायला जाताना त्रिकोण छातीपुढे धरून रस्त्याच्या कडेने चला. चारही इंडिकेटर चालू, गाडी शक्य तितकी डावीकडे.

परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, आणि एआयएस-०९० या मानकाचा शिक्का असलेलीच. खनिजाची धूळ चढली की चांगली पट्टीही आंधळी होते. रोज निघताना ओल्या फडक्याने पुसायला एक मिनिट लागते. ताडपत्रीचे टोक टेललॅम्पवर लोंबत असते ते बांधा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत टेललॅम्प जातो तो बहुतेकदा बल्बमुळे नाही, गंजलेल्या अर्थिंगमुळे. जोड घासून ग्रीस लावा. मागचा संरक्षक आडवा बार जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको. पासिंग झाले की तो कापून वर वेल्ड करणारे आहेत. मागून आलेली छोटी कार बॉनेटसकट आत घुसते ती अशाच ट्रकखाली.

बालरथला स्पीड गव्हर्नर किती वेगाचा असतो? आमचा ड्रायव्हर म्हणतो ८०.
— पालक, वाळपई

शाळेच्या बसला ६०. टँकर आणि डंपरलाही ६०. बहुतेक इतर वाहतूक वाहनांना ८०. गव्हर्नरच्या वायरीचे सील तुटलेले असेल तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

अपघात झाल्यावर ड्रायव्हरने थांबावे की जमावाच्या भीतीने पळावे? मालकाने काय करावे?
— बसमालक, कुंडई

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच उत्तर आहे. जखमीला उपचार मिळवून देणे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. जमावाच्या रोषासारखे कारण असेल तर कायदा ते समजून घेतो, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात जायचे, घरी नाही. २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांची तरतूद असलेले १०६(२) हे उपकलम, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी संप केला, ते १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना बाजूला ठेवले गेले.

१०८ ला फोन आधी, मालकाला नंतर. जखमीच्या खर्चाची घासाघीस दवाखान्यात करू नका : २०२५ च्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोखीविना उपचार मिळतात. मालकाने विमा कंपनीला पॉलिसी क्रमांक, वेळ, ठिकाण, जखमींची आणि ड्रायव्हरची नावे लगेच लेखी द्यावीत. गाडी पोलिसांनी पाहण्याआधी हलवू नका. रस्ता मोकळा करायला हलवावीच लागली तर आधी चारही बाजूंनी फोटो, टायरांच्या खुणांसह. फिटनेस, परमिट, विमा आणि लायसन्स यांच्या प्रती गाडीत एक आणि ऑफिसात एक ठेवा. फिटनेस संपलेली गाडी कायद्याने नोंदणी नसलेल्या गाडीसारखी धरली जाते, आणि भरपाईचा खटला उभा राहिला की विमा कंपनीचा वकील पहिली तारीख तीच विचारतो.